जिजीचा नातू लाटा मोडतो

परवाच्या वादळानं आमच्या आणि जिजीच्या अंगणामधलं तारेचं कुंपण वाकवलं, ते अजून वाकलेलंच आहे. सरळ करायची घाई दोन्ही घरांना नाही. आधी टाचा उंच करून बोलावं लागायचं, आता कोपरं टेकून बोलता येतं. त्याच वादळानं जिजीच्या खाटेवर वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे उचलून नेले. दोन आमच्या निंबावर अडकले, एक गोठ्याच्या पत्र्यावर सापडला आणि बाकीचे कुठे गेले ते मागच्या आळीतल्या शेळ्यांना ठाऊक.

“बाई, हायेस का व घरात?”

ही हाक साखर मागायची नव्हती. साखरेची हाक छोटी असते.

“रयवारी सावद्याचे पाव्हने येऊन राह्यले,” जिजीनं कोपर टेकलं. “पोराच्या सोयरिकीचं. आता पोरीचा बाप इचारीनच ना, पोरगा करतो काय? मी काय सांगू? लाटा मोडतो म्हनू?”

जिजीचा नातू ऑस्ट्रेलियात पर्थला आहे, पाण्यावर संशोधन करतो. एवढं गावाला माहीत आहे. पण नेमकं काय, हे विचारलं की घरातलं प्रत्येक माणूस वेगळं सांगतं. त्याचा बाप म्हणतो इंजिनिअर. आई म्हणते पीएचडी. काका म्हणतो बोअरिंगच्या धंद्यात असेल. जिजीनं थेट त्यालाच फोनवर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, तळ्याच्या पोटात मोठ्या लाटा उठतात, त्या मोडतात कशा ते मी बघतो.

“मी म्हटलं, मोडतात तं मोडू दे. जोडायच्या थोड्याच हायेत?”

मी मूळची नाशिकची. लग्न होऊन असोद्यात आले, इथल्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी गाव मला अजून नाशिकच्या बाईच म्हणतं. सोयरिकीत माझा सल्ला कोणी घेत नाही. पण हा प्रश्न माझ्या वर्गातला होता. म्हटलं, जिजी, काचेचा ग्लास आणा, दिवाळीत लावता तो.

दिवाळीत आपण ग्लासात रंगीत पाणी भरतो, वर बोटभर तेल सोडतो आणि त्यावर वात तरंगत ठेवतो. जिजीनं ग्लास आणला, मी पाण्यात चिमूटभर कुंकू कालवलं, वर शेंगदाण्याचं तेल ओतलं आणि ग्लास कुंपणाच्या खांबावर धरून हळूच झुलवला. तेलाची वरची पातळी जेमतेम हलत होती. तेलाखालचं लाल पाणी मात्र या काठावरून त्या काठावर डुचमळत होतं.

“अगं माय,” जिजी म्हणाली. “हे तं आपल्या शेवभाजीवानी झालं. पातेलं उचललं तं वरची तर्री गप, अन् खालचा रस्सा डुचूडुचू.”

बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८० साली याच गावातला. असोद्याच्या बाईला उपमा शोधून द्यावी लागत नाही, हे मी चौतीस वर्षांत शिकले आहे.

तर्रीची ही गंमत १७६२ साली बेंजामिन फ्रँकलिनला दिसली होती. विजेचा शोध घेणारा, अमेरिकेचा तो. इंग्लंडहून बोटीनं घरी निघाला होता. खोलीत छताला काचेचा दिवा टांगलेला, त्यात खाली पाणी आणि वर तेल. बोट डुले तसं तेल वरून शांत दिसायचं आणि खाली पाण्याची खळबळ चाललेली. त्यानं हे मित्राला पत्रानं कळवलं. म्हणजे हीसुद्धा एका अर्थी गप्पाच, फक्त कुंपण अटलांटिक महासागराएवढं.

“तेलाचं समजलं. पन तयात तेल कुठी असतं?”

बरोबर विचारलं. तळ्यात तेल नसतं, ऊन असतं. आपल्या जळगावच्या उन्हाची ओळख कोणाला करून द्यायला नको. मार्चपासून ऊन तळ्याला वरून तापवतं. तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं. हिवाळ्यातलं गार पाणी जड, ते तळाशी बसून राहतं. खोल धरणात उन्हाळाभर असे दोन मजले होतात आणि मधे एक पातळ थर, जिथं दोन-चार मीटरांत पाणी एकदम गार लागतं. विहिरीत पोहलेल्या कोणालाही विचारा, कमरेला कोमट आणि पायाला गार.

दोन मजल्यांच्या वजनात फरक किती? वर ३० अंश आणि खाली २० अंश धरा. लिटरमागे सुमारे अडीच ग्रॅम, म्हणजे लिटरभर पाण्यात अर्धा चमचा मीठ टाकलं तेवढा. एवढ्याशा फरकावर सगळं धरण दोन घरांत वाटलेलं राहतं. शिवाय आपल्या गरम मुलखात एक अंशाची किंमतही जास्त. पाणी ९ वरून १० अंशांवर गेलं तर जितकं हलकं होतं, त्याच्या साडेतीन पट २९ वरून ३० वर जाताना होतं. युरोपातल्या गार तळ्यांना दोन मजले बांधायला जो फरक लागतो, तो आपल्याकडे थोड्या अंशांत मिळतो.

“अन् वारं आलं की?”

वारं आलं की तेच होतं जे बिबड्यांचं झालं. सगळं एका बाजूला. पश्चिमेचा वारा दिवसभर वाहिला की वरचं कोमट पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकललं जातं. डोळ्यांना ते दिसत नाही, कारण पूर्वेला पाण्याची पातळी एखादा सेंटीमीटर वाढली तर वाढली. पण मघाच्या अडीच ग्रॅमचा हिशोब लावा. वर एक सेंटीमीटरचा उतार पडला की खाली दोन मजल्यांमधली सीमा त्याच्या चारशे पट, म्हणजे चार मीटर, उलट्या बाजूला कलते. पूर्वेला कोमट पाणी खोल दाबलं जातं आणि पश्चिमेला तळचं गार पाणी वर उसळतं. वर माशी उठत नाही आणि आत घर कललेलं.

जिजीनं एकदम माझा हात धरला. “थांब थांब. म्हनूनच तं!”

तिचा एक भाचा एका धरणाच्या जॅकवेलवर ड्युटीला होता. कुठल्या ते लिहीत नाही, बिचाऱ्याला अजून पेन्शन मिळवायची आहे. त्यानं सांगितलेली गोष्ट जिजीनं चार वेळा सांगितली होती आणि मी चारही वेळा हसण्यावारी नेली होती. उन्हाळ्यात मोठा वारा सुटून गेला की पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास यायचा. तक्रारींचे फोन सुरू व्हायचे. साहेब येऊन बघेपर्यंत वास गायब. साहेब गेले, रात्री परत वास. सगळे म्हणाले, हाच काहीतरी लावतो. भाच्यानं देवाला नारळसुद्धा फोडला.

तळाच्या मजल्यावर उन्हाळाभर वरची हवा पोचत नाही. तिथं कुजणारा पाला आणि गाळ असतो, प्राणवायू संपतो, मग सडक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो, गाळातलं लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतं. ते पाणी तळाशी असतं तोवर कोणाला काही नसतं. पण वारा थांबला की कललेली सीमा परत फिरते, आणि फिरताना मधे थांबत नाही, झोक्यासारखी पलीकडे जाते. मग परत. पाणी उचलायचा पाइप जर त्या सीमेच्या आसपास असेल, तर त्याच्या तोंडाशी कधी वरच्या मजल्याचं पाणी, कधी खालच्या. साहेब आले ते वरच्या मजल्याच्या पाळीत.

हा झोका किती वेळाचा? समजा धरण दहा किलोमीटर लांब आहे, वरचा थर दहा मीटर आणि खालचा वीस मीटर. वर दिसणारी साधी लाट अशा तळ्यात या टोकाहून त्या टोकाला जाऊन परत यायला वीसेक मिनिटं घेते. आतली लाट हेच अंतर चौदा तासांत कापते. सेकंदाला चाळीस सेंटीमीटर, म्हणजे गुडघे दुखणारी जिजी देवळात जाते त्याहून हळू.

“माझ्या गुडघ्यावर नको जाऊ.”

तळं डुलतं हे लोकांना जुन्या काळापासून माहीत होतं. जिनेव्हाच्या तळ्याकाठचे लोक पाणी आपोआप चढतं-उतरतं त्याला सेश म्हणायचे. फोरेल नावाच्या त्याच काठावरच्या प्राध्यापकानं १८६९पासून त्याचा पिच्छा पुरवला आणि त्या तळ्यावर तीन जाडजूड खंड लिहिले. पण ते वरचं डुलणं. पोटातलं डुलणं नीट हाती लागलं ते स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यात, १९०४ साली, वॉटसन नावाच्या माणसाला. दोरीला थर्मामीटर बांधून खोल खोल सोडायचा, वर काढायचा, आकडा लिहायचा, परत सोडायचा. त्या सदतीस किलोमीटर लांब तळ्यात एक झोका पुरा व्हायला दोन-तीन दिवस लागतात. मग त्या कामात वेडरबर्न पडला. हा एडिनबराचा वकील. कोर्टाची कागदपत्रं सांभाळून तळ्यांचं तापमान मोजणारा माणूस. वारा आणि थर यांच्या कुस्तीत कोण भारी पडेल हे सांगणाऱ्या आकड्याला आज वेडरबर्न अंक म्हणतात. एका बाजूला दोन मजल्यांच्या वजनातला फरक आणि थराची जाडी, दुसऱ्या बाजूला वाऱ्याचा जोर आणि तळ्याची लांबी.

“ते भुताचं तयं ना? मोबाइलवर आलं व्हतं, लांब मानेचं जनावर.”

तेच. १९३३पासून त्या जनावरानं पोट भरलं आहे अनेकांचं. पण गंमत अशी, की आतली लाट डुलताना वरचं पाणीसुद्धा हळूहळू वाहतं, आणि कधी कधी वाऱ्याच्या उलट. वारा इकडून आणि अर्धा बुडालेला ओंडका त्याच्याविरुद्ध चाललेला. लांबून बघणाऱ्याला काय वाटावं? मी जनावर आहे की नाही यावर बोलणार नाही. जिजीचं मत विचारलंत तर आहे.

इथवर जिजीला सगळं पटलं होतं. तिची अडचण पुढे होती. “डोलते ते समजलं. पन मोडते कशी? पोरगा तं मोडायचं शिकून राह्यला ना.”

खरं आहे, इथंच नातवाची खरी नोकरी. झोका देऊन सोडला तर थोडा थोडा कमी होत थांबतो, तशी ही लाट थांबावी असं वाटतं. वारा बेताचा असेल तर तसंच होतं. तळाला आणि काठाला घासून घासून काही दिवसांत निजते. पण लॉक नेसमध्येच १९७०च्या सुमाराला थॉर्प नावाच्या शास्त्रज्ञाला वेगळंच दिसलं. झोक्यासारखी गोल, सारखी लाट नाही, तर समोरून एकदम उभी भिंत, आणि तिच्या मागं छोट्या छोट्या लाटांची रांग.

जिजीला हे ग्लासात दाखवता येईना. मग मी मुक्ताईच्या पालखीची आठवण दिली. ज्येष्ठात पालखी निघते तेव्हा सुरुवातीला सगळी माणसं एकच घोळका असतात. पण मागून येणारे तरणे पाय पुढच्यांच्या टाचेवर येतात, घोळक्याचं तोंड दाटतं. तळ्यातल्या लाटेतही वरचा थर जिथं जाड, तिथं ती जास्त वेगानं पळते, मागचा भाग पुढच्याला गाठतो आणि तोंड उभं होत जातं. मग वाटेत काय होतं? घोळका फुटतो. पुढे मोठी दिंडी, तिच्यामागे जरा छोटी, तिच्यामागे आणखी छोटी. ज्यांची चाल वेगळी ते वेगळे होतात. लाटेचंही तसंच. एक अवाढव्य झोका फुटून सुट्या लाटांची माळ होते, सगळ्यात मोठी सगळ्यात पुढे. या प्रत्येक लाटेचं वैशिष्ट्य असं, की ती आपला आकार धरून लांबवर जाते. तोंड उभं करणारी ओढ आणि पसरवणारी ओढ तिच्यात बरोबरीला आलेली असते.

अशी एकटी लाट पहिल्यांदा ओळखली ती स्कॉट रसेलनं, १८३४ साली, एडिनबराजवळच्या कालव्यात. घोड्यांनी ओढलेली होडी अचानक थांबली आणि तिच्या नाकासमोरून पाण्याचा एक गुळगुळीत उंचवटा निघाला तो निघालाच. रसेल घोड्यावर बसून मैल-दोन मैल त्याच्या मागं गेला.

“लाटेच्या मांगं घोडा?” जिजी हसायला लागली. “मंग आपला पोरगा बरा. बसून तं करतो.”

आपल्या देशाच्या पाण्यातही अशा लाटा आहेत, आणि मामुली नाहीत. अंदमानच्या समुद्रात पोटातून इतक्या मोठ्या लाटा जातात, की वरच्या पाण्यावर खळखळीचे लांबच लांब पट्टे उमटतात आणि ते उपग्रहालाही दिसतात. १९८०मध्ये ऑस्बर्न आणि बर्च यांनी त्यांची मोजमापं छापली. समुद्राचं मी जिजीला थोडक्यात सांगितलं, कारण तिला समुद्र आवडत नाही. एकदा अलिबागला चप्पल वाहून गेली होती.

नातवाच्या पर्थमध्येच हे सगळं टाकीत करून बघितलं गेलं. हॉर्न, इम्बर्गर आणि आयव्ही यांनी. त्यांचा निबंध २००१चा. सहा मीटर लांब पारदर्शक टाकी, रुंदीला आणि खोलीला जेमतेम फूटभर. खाली मिठाचं पाणी, वर गोडं. टाकी मधोमध आसावर बसवलेली. ती एका बाजूला तिरपी करून ठेवायची आणि झटकन सरळ करायची. बस, वारा पडला. मग कलणं किती आणि थर किती जाड यावर लाटेचं मरण ठरतं. थोडी कलती असेल तर घासून मरते. जरा जास्त कलली की दिंड्या होतात. त्याहून जास्त कलली तर दोन थर एकमेकांवरून इतक्या जोरात सरकतात, की सीमेवर गुंडाळ्या उठतात आणि पाणी जागच्या जागी घुसळतं. आणि अगदीच टोकाला गेलं तर नदीच्या भरतीसारखी पाण्याची भिंत धावते.

हे मात्र मला दाखवता येणार होतं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घेतली, अर्धी मिठाच्या पाण्यानं भरली, त्यात कुंकू टाकलं. वर चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी इतकं हळू सोडलं, की जिजी मधेच जाऊन चहा टाकून आली. झाकण लावून बाटली आडवी केली. खाली लाल, वर पांढरं, मधे रेघ. थोडी तिरपी केली, लाल पाणी झोपेतल्या माणसासारखं कुशीवर वळलं. जिजी बघत राहिली. ग्लासातल्या तेलाखाली पाणी पटकन हललं होतं, हे इतकं सावकाश. मग मी बाटली जरा झटक्यानं कलती केली. रेघेवर एकामागे एक गुंडाळ्या उठल्या, लाल, गोल.

“कुरडया!” जिजी ओरडली. “कुरडया पडल्या व बाई!”

चूक काढायला जागा नाही. इंग्रजीत त्यांना केल्विन आणि हेल्महोल्ट्झ या दोघांची नावं जोडलेली आहेत, पण जिजीच्या नातवानं निबंधात कुरडया लिहिलं तर मी त्याला पैकीच्या पैकी देईन.

एवढ्यात वरच्या आळीतले थोरले भाऊ सायकलवरून गेले, आणि आमचं तळं थोडा वेळ आटलं. त्यांची आणि धाकट्या भावाची वाटणी झाली तेव्हा गाव दोन भागांत वाटलं गेलं होतं. पोळ्याला दोन मिरवणुका निघाल्या. मग ते मोठं भांडण कुठे गेलं कोणाला कळलं नाही. बांधाचं एक वेगळं झालं, विहिरीच्या पाळीचं एक वेगळं, मोठ्या सुनेच्या बोळवणीचं तिसरं. आता मूळ वाटणी कोणाला आठवत नाही, पण त्यातलं कोणतं ना कोणतं एक भांडण दर आठवड्याला कोणाच्या तरी ओट्यावर येऊन फुटतं.

“तुझ्या दिंड्यावानीच झालं ते,” जिजी म्हणाली. मी हे सुचवलं नव्हतं, शपथेवर सांगते.

कारण तळ्यातल्या त्या सुट्या लाटाही काठावरच फुटतात. मधल्या खोल पाण्यात आकार धरून येतात, आणि जिथं तळ उथळ होत चढतो तिथं पाय अडखळून कोसळतात, समुद्रकाठी कोसळतात तशाच, फक्त पाण्याच्या आत. टाकीत उतार बसवून हेही नंतर बघितलं गेलं. स्वित्झर्लंडच्या आल्पनाख तळ्यात खुणेचं द्रव्य सोडून पाहिलं, तर वरचं-खालचं पाणी मिसळायचं काम मधल्या पाण्यात नगण्य आणि काठाच्या उतारावर कितीतरी पट जास्त निघालं. तिथं गाळ उठतो, गाळातलं खत वर येतं, शेवाळ पोसतं, त्यावर मासा. वाऱ्यानं तळ्याला दिलेला एक मोठा धक्का असा काही दिवसांनी काठावर, तुकड्या-तुकड्यानं खर्च होतो. दोन मजल्यांत किती देवाणघेवाण झाली, तळाच्या पाण्याला प्राणवायू मिळाला की नाही, पाइप कोणत्या उंचीवर ठेवावा, धरणात मासे कधी उलटे पडतील, हे सगळं ती लाट कशी मोडली यावर आहे. नातू तेच मोजतो.

“म्हंजे पानी पुरवठ्याचं काम,” जिजीनं निकाल दिला. “सरकारी होईन का?”

मी म्हटलं, होऊ शकेल.

रविवारी सावद्याचे पाहुणे आले. मी बोलावलेली नव्हते, पण वाकलेल्या कुंपणाचा हाही एक फायदा आहे. शेवभाजी, कळण्याच्या भाकरी, उरलेले बिबडे. मुलीच्या बापानं पगार विचारला, शेती विचारली, पोरगा परत येणार का हे दोनदा विचारलं. तो काय करतो हे शेवटपर्यंत विचारलं नाही. जिजी बाटली पदराखाली घेऊन दोन तास बसली होती.

संध्याकाळी कुंपणावर आली तेव्हा बाटली हातात होती. आत सगळं एकसारखं फिक्कट गुलाबी.

“त्यानं नाही इचारलं. पोरीनंच इचारलं, आजी, हे काय? मी सांगितलं समदं, तर्री, कुरडया, दिंड्या. तिनं बाटली घेतली अन् अशी घुसयली ना व, का काही उरलंच नाही. मंग म्हने, आता हे परत येगयं कसं करायचं?”

“मग तुम्ही काय सांगितलं?”

“मी काय सांगू? होतं का?”

“आपोआप नाही होत, जिजी.”

जिजीनं बाटलीतलं पाणी तुळशीला घालायला हात उचलला, मीठ आठवून थांबली आणि बाटली माझ्याकडं दिली.

“मंग दुसरी भरून ठेव. पुढच्या रयवारी आपुन त्याईच्या घरी जाऊन राह्यलो. तू बी चाल.”